मोराची उघडी चोच

धान पिकाले आला का त्याचा वास घरात येते. दार लावून बसा, तरी येते. माही सून मंदा म्हन्ते, "आई, तुमाले वास येते का आठवन येते?" मले नाई सांगता येत. नाक म्हातारं झालं. शेजारी मच्छी शिजली तं मले पत्ता नसते. पन दसरा सरला, धानाच्या बांधीतलं पानी आटलं, लोंब पिवळी पडून वाकली, का सकाळी डोळा उघडल्यावर पह्यले तोच वास. अन् मंग उजवा हात चुळबुळ कराले लागते. मी उठते, मागच्या भिंतीपाशी जाते.

घर सिमेंटाचं झालं आता. मागचा गोठा तेवढा मातीचा ठेव, असं मी लेकाले म्हटलं, अन् त्यानं ठेवला. गोठ्यात ढोर नाई, मोटरसायकल राह्यते. तिच्या मागं भिंत. त्या भिंतीवर मी या दिवसात रोज एक मोर काढते अन् दुसऱ्या दिवशी सकाळी पुसून टाकते. काऊन काढते, काऊन पुसते, हे कोनी इचारलं तं मी म्हन्ते, सवय आहे. खरं काय ते मले बी मालूम नाई. मालूम असतं तं एवढं बोललीच नसती.

तवा गडचिरोली जिल्हा नव्हता, सारा चांदाच होता. आमचं गाव वैनगंगेच्या अंगानं, जंगलाच्या काठाले. घरोघरी धानाची ढोली असे. बुरडानं बांबूची विनलेली, मानसाच्या डोक्याच्या वर जाईन एवढी, अंदरून-बाहेरून शेनामातीनं लिपलेली. वरून धान टाकाचं. खाली एक भोक राहे, त्यात चिंधी कोंबलेली, तिथून काढाचं. नवं धान भराच्या आंधी त्या भोकाच्या वर मोर काढाचा, अशी आमच्याकडची रीत. मोर म्हनजे राखनदार. त्याच्या तोंडात लोंब द्याची अन् चोच गच्च मिटलेली ठेवाची. चोच उघडी राह्यली तं राखनदारच धान खाते, मंग होळीच्या आंधीच ढोलीच्या बुडाले हात लागते. हे सारे मानत. आताच्या पोराइले हसू येते. येऊ द्या.

गावातल्या ढोल्यांवर मोर काढाचं काम माह्या सासूचं. मी तिले आत्याबाई म्हनो. एका मोराचं सूपभर धान भेटे. आमची सोताची बांधी नव्हती. सासरा मरून गेलेला. नवरा बल्लारपूरले कोळशाच्या खानीत. तो महिन्या-दोन महिन्यानं ये. कितीकदा तोंड धुतलं तरी त्याच्या डोळ्याच्या काठाले काळं राहेच, काजळ घातलेल्या पोरीवानी. त्याचं तिकडंच कसंबसं भागे. आमचं दोघीचं पोट मोरावर.

तं त्या वर्षी पोळ्याच्या वक्ताले आत्याबाईचा हात कापाले लागला. भाकर थापताना कापे, पान्याचा गडवा धरताना कापे. डोळ्यावर बी जाळं आल्यावानी झालं होतं, पन ते तिनं कधी बोलून नाई दाखवलं. चुलीपाशी मीठ शोधताना ती हातानं शोधे, येवढंच मी पाहे. गावात बाया बोलाले लागल्या, का नाल्याच्या पल्याडच्या गावात एक बाई आहे, तिचा मोर चांगला राह्यते, यंदा तिलेच बोलावू. हे आमच्या दारावरून जाता-जाता बोलत, आम्हाले आयकू यावं येवढ्या आवाजानं.

त्याच उन्हाळ्यात माह्यं पह्यलं लेकरू गेलं होतं. पोरगी होती. ताप आला अन् गेली. त्याच्यावर मी जास्त बोलत नाई. येवढंच सांगते, का मी बसली तिथी बसून राहो. उठ म्हटलं तं उठो, जेव म्हटलं तं जेवो. पावसाळा कसा गेला ते मले आठवत नाई. लोकाइच्या बांधीत धान रोवाले गेली असन, कारन पायाची बोटं सडली होती ते आठवते.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आत्याबाई माह्यापुढं येऊन उभी राह्यली. हातात शिंदीची काडी, टोकाले ठेचून कुची केलेली.

"उठ वं. भिंत पोतारून ठेवली. मोर काढ."

मी म्हटलं, "मले नाई येत."

"तुले येते का नाई, हे मी इचारलं का?"

गोठ्याची मागची भिंत तिनं पांढऱ्या मातीनं पोतारली होती. खाली तीन करवंट्या. एकीत लाल माती कालवलेली, एकीत दिव्याची काजळी धावड्याच्या डिंकात घोटलेली, एकीत वालाच्या पानाचा हिरवा रस. मी कुची धरली अन् काहीतरी काढलं. कोंबडीवानी झालं. कोंबडी तरी बरी. आत्याबाई मागं उभी होती.  दुसऱ्या दिवशी सकाळी सडा टाकाच्या आंधी ती पोतारा घेऊन गेली, अन् पांढऱ्या मातीत बुचकळून कोंबडी पुसून टाकली. पोतारा म्हनजे भिंत पोताराची चिंधी. गोठ्याच्या खुंटीले लटकलेली राहे, नेहमी त्याच खुंटीले.

"काढ," म्हनली.

मंग रोज हेच. रोज काढाचं, रोज पुसाचं. ती कधी म्हनली नाई का मान जाड झाली, का पाय बरा जमला. मी इचारलं, "आत्याबाई, कसा झाला?" तं म्हने, "भिंत सुकू दे." मले समजे नाई, ही मले शिकवून राह्यली का मले उठवून राह्यली. आता बी समजत नाई. शिकवाचं असतं तं काहीतरी सांगितलं असतं. उठवाचंच असतं तं झाडू देता आला असता हातात, झाडनं बी उठूनच कराव लागते. मी तिच्यावर चिडे. मनातल्या मनात म्हनो, पुसाचंच आहे तं काढाले काऊन लावते. अन् दुसऱ्या दिवशी भिंत कोरी दिसली का मले बरं बी वाटे. कालचं वाकडं गेलं. या दोन्ही गोष्टी एकाच सकाळी कशा होत, देव जाने.

एकदा नवरा आला, अन् त्यानं कोळशाचा खडा आनला. म्हने, "काजळी घोटत कायले बसता, हे घ्या काळं, शंभर हात खोल जमिनीतलं." मी कोळसा कुटून पिसाऱ्याचे डोळे काढले. चांगले ठसठशीत दिसले. सकाळी आत्याबाईनं पोतारा फिरवला तं सारं काळं भिंतभर फासल्या गेलं. डिंक नव्हता ना त्यात. सारी भिंत ढगावानी झाली. आत्याबाई नवऱ्याले म्हनली, "तुह्या खानीतलं खानीतच राहू दे रे बापा." तो हासला. मी बी हासली. पोरगी गेल्यावर पह्यल्यांदा हासली असन. हासल्यावर मले भेव वाटलं, का आता कोनी काही म्हनन. कोनी नाई म्हटलं.

मले वाटते हात आपोआप शिकते. पन आपोआप बी नाई. पह्यले मी डोक्यापासून सुरू करो अन् मान कुठी न्याची ते समजे नाई. मंग एक दिवस पाठीपासून सुरू केली. पाठ अन् मान एकाच श्वासात वढली, मधात नाई थांबली. थांबली का तिथी गाठ दिसते. हे मले कोनी नाई सांगितलं. मंग पायाचं. मोराचा पाय लय वंगळ राह्यते, सुकल्या काटकीवानी. मी सुंदर काढाले जाओ तं मोर उडून गेल्यावानी दिसे, भुईवर उभाच नाई राहे. वंगळ काढला तं उभा राह्यला. त्या दिवशी मी भिंतीपुढं गंज वेळ बसली. जमलं का नाई जमलं, मले ठरवता नाई आलं. सकाळी ते बी पुसलं.

पिकल्या धानाची राखन कराले मी त्या दिवसात लोकाइच्या बांधीवर जाओ. रानडुकरं, पोपट, अन् मोर. तुम्ही म्हनाल मोर राखनदार, तं खरा मोर चोरच आहे. पहाटे जंगलातून खाली उतरे, धुक्यातून आधी मान दिसे. मी हाकलाले उठो अन् हाकलनं इसरून जाओ. पाहे, पाय कसा उचलते, मान कुठून वाकवते. एकदा अगदी जवळून पाह्यला. तो खात नव्हता. मान उंच करून ओरडला, अन् ओरडाच्या आंधी त्याची चोच जराशी फाकली. साळीचा एक दाना आडवा जाईन येवढी. आवाज अजून निघाचा होता. सारं अंग त्या फटीतून बाहेर येते का काय, असं वाटलं. बांधीचा मालक दुरून ओरडला, "बाई, मोर पाह्याचे पैसे देतो का तुले?" मंग मी दगड मारला.

घरी येऊन मोर काढला. पाठ, मान, पाय, पिसारा. तोंडात लोंब दिली. अन् चोच काढताना कुची फिरली ते फाकलेलीच फिरली. मिटाची होती. रोज मिटलेलीच काढत होती. त्या दिवशी हात तिथी गेला अन् मी पाहत राह्यली. मंग म्हटलं जाऊ दे, सकाळी पुसल्याच जाते.

सकाळी आत्याबाई उठली. सडा टाकला. चूल पेटवली. मी वाट पाहत होती, का आता मागं जाईन. ती गेली. मी दाराच्या आडून पाह्यलं. भिंतीपुढं उभी राह्यली, थोडी वाकली, नाक भिंतीले लागन येवढी जवळ गेली. मंग परत आली अन् चुलीपाशी बसली.

भिंत नाई पुसली.

  भाकर खाताना ती म्हनली, "कौसाबाईची ढोली लिपून तयार झाली. आज तू काढ."

कौसाबाई म्हनजे आमच्या गावात सगळ्यात मोठ्या ढोलीची मालकीन. दोन-दोन ढोल्या तिच्या. तिच्याकडं मोर जमला तं सारं गाव आपल्याकडं, अन् तिनं नाक मुरडलं तं नाल्यापल्याडची बाई. हे मले बी मालूम, आत्याबाईले बी मालूम. रस्त्यानं जाताना माह्या हातात करवंट्या, आत्याबाईचा हात माह्या खांद्यावर. तिनं खांदा कायले धरला होता, मले धीर द्याले का तिले रस्ता दिसे नाई म्हनून, हे मी तवा नाई इचारलं अन् मंग इचाराची वेळ गेली.

रस्ताभर माह्या डोक्यात येकच. चोच मिटू का उघडी ठेवू? रीत तं मिटलेली. पन पुसला नाई तो उघड्या चोचीचा. आत्याबाईनं तो पाह्यला, जवळून पाह्यला, अन् ठेवला. म्हनजे तिले तो पटला असन. का तिले चोच दिसलीच नसन? इचारू का? इचारलं असतं अन् ती म्हनली असती का चोच उघडी होती काय वं, तं? मंग तिचे डोळे गेले हे दोघीच्या मधात बोलल्या गेलं असतं. मी नाई इचारलं.

कौसाबाईच्या अंगनात बाया जमल्या होत्या. एक म्हनली, "आली वं सासूची कुची." दुसरी म्हनली, "कुची नाई, कुचीची सून." हासल्या. मी ढोलीपुढं बसली. पाठ अन् मान एका श्वासात वढली. मागच्या बाया पाह्याले पुढं सरकल्या. पाय वंगळ काढला, मोर उभा राह्यला. पिसारा, लोंब. आता चोच राह्यली.

मिटाले गेली. खरंच मिटाले गेली. पन मिटली का तो मोर मेल्यावानी दिसन, हे मले कुची टेकवाच्या आंधीच दिसलं. तेवढ्या दिवसात मले काही समजलं असन तं येवढंच, का काय जितं दिसते अन् काय नाई. मी उघडी काढली.

कौसाबाई पुढं आली, वाकून पाह्यलं. "अवं, याची चोच तं उघडी. हा खाऊन टाकन ना माह्यं धान."

 मले सूपभर धान दिसलं, उन्हाळा दिसला, रिकामी टोपली दिसली. आत्याबाई उंबरठ्यावर बसली होती, तिथून तिले ढोली दिसाचं कारन नव्हतं. तिनं पानाची लाळ थुंकली अन् सावकाश म्हनली, "खात नाई तो. बोलावून राह्यला."

"कोनाले बोलावते?"

"आनखी धानाले. मिटून बसन तं कोन येईन?"

कौसाबाईनं परत वाकून चोच पाह्यली. मंग म्हनली, "हे पह्यले कधी नाई सांगितलं, म्हातारे."

"तू कधी इचारलं नाई."

धान भेटलं. सूप नाई, दीड सूप दिलं तिनं, बोलावून राह्यला म्हनून. मी घरी येताना रडली का हासली, आठवत नाई. 

आता पुढचं आयका, म्हनजे माह्या डोक्यातली गोंधळाची गाठ तुमाले दिसन. त्या वर्षी कौसाबाईचं धान होळीच्या आंधीच सरलं. अर्धं गाव म्हने, पाहा, चोच उघडी होती. अर्धं म्हने, लेकीचं लग्न नाई काढलं का माघात, पंगतीवर पंगती उठल्या, मोर काय करन? कौसाबाई सोता काय म्हने, तं कधी हे म्हने कधी ते. पुढच्या साली घरोघरी मले इचारत, "उघडी काढते का मिटलेली?" मी म्हनो, "तुमाले कोनती पाह्यजे?" कोनी मिटलेली सांगे, कोनी उघडी. काही बाया म्हनत, "तुह्या मनानं काढ पन सांगू नोको." नाल्यापल्याडची बाई आमच्या गावात कधी नाई आली, येवढं खरं. मी गंज वर्षं काढले मोर. मिटलेले बी काढले. ते मिटलेले काढताना मले दर वेळी वाटे, का मी कोनाचं तरी तोंड दाबून राह्यली.

माह्या हाताले लोक चांगलं म्हनाले लागले. तालुक्याहून एक साहेब आला होता, त्यानं ढोलीचा फोटो काढला. मले त्यात काहीच नाई वाटलं. मले एकाच मानसाकडून आयकाचं होतं.

आत्याबाई दोन-तीन सालानं खाटेवर पडली. तवा ती पुरी आंधळी झाली होती, लपवाचं काही राह्यलं नव्हतं. मी तिले पेज पाजत होती. म्हटलं आता नाई तं कधीच नाई. "आत्याबाई, त्या दिवशी भिंत काऊन नाई पुसली?"

तिले कोनता दिवस ते इचाराव नाई लागलं. पेज गिळली. म्हनली, "पोतारा भेटला नाई."

बस. येवढंच. मी तिच्या तोंडाकडं पाहत राह्यली, का हासते का काय. हासली नाई. पोतारा त्या दिवशी खुंटीलेच होता. मी सोता पाह्यला होता, कारन मी त्याच्याकडंच पाहत होती. आता तिले खुंटी दिसली नसन? का हात लावून बी सापडला नसन? का सापडला अन् तिनं मले असं सांगितलं? दिसला नाई म्हनून ठेवला, का दिसला म्हनून ठेवला? ती गेली त्याले किती वर्षं झाली. मी ही गोष्ट उलटी करून पाह्यली, सुलटी करून पाह्यली. कधी वाटते तिनं मले उभ्या जन्माचं देनं दिलं. कधी वाटते एका आंधळ्या बाईची चिंधी हरवली, अन् त्याच्यावर माही जिंदगी चालली.

आता ढोल्या नाईत. धान पोत्यात येते, पोतं गाडीत जाते, नाई तं पत्र्याच्या कोठीत टाकतात. पत्र्यावर माती धरत नाई. कोनी मोर काढाले बोलावत नाई. तरी मी काढते. मले वाटते मी अजून शिकून राह्यली. या वर्षी पिसारा हलका झाला, गेल्या वर्षी जड होता. हे कोनाले सांगाव? मंदाले सांगितलं तं ती म्हन्ते, "मले तं सारे सारखेच दिसतात, आई." लबाड बोलत नाई पोरगी. अन् या सालपासून माहा बी हात कापाले लागला आहे. पाठ अन् मान एका श्वासात जात नाई, मधात थांबा लागते. गाठ पडते. मी गाठ तशीच ठेवते.

काल काढला तो मोर त्या गाठीसकट काढला. चोच उघडी. आज सकाळी मी पोतारा भिजवून भिंतीपाशी गेली. डोळ्यापुढं धुकं राह्यते आजकाल, म्हनून जवळ गेली. आनखी जवळ गेली. मानेतल्या गाठीनं तो मोर असा दिसत होता, का ओरडाच्या आंधी त्यानं आवंढा गिळला. चांगला झाला का बिघडला, मले नाई सांगता आलं. हात वर गेला अन् तसाच राह्यला. पांढरं पानी कोपरापर्यंत वघळून आलं.

मंदा मोटरसायकल काढून देत होती माह्या लेकाले. तिनं वळून पाह्यलं. "काऊन आई, आज नाई पुसला?"

मी म्हटलं, "पोतारा भेटला नाई वं."

ती माह्या हाताकडं पाहत राह्यली.